ऱ्होडोडेंड्रॉनचा हजेरीपट



मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेथे एक खोड मात्र जडली. कोणतेही मोठे काम पाहिले की त्याचा हजेरीपट कोठे आहे, असे मी विचारतो. आज तोच प्रश्न एका फुलझाडाविषयी विचारायचा आहे.

हे फुलझाड म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. कुमाऊँ-गढवालात याच्या तांबड्या फुलाच्या वृक्षाला बुरांश म्हणतात, नेपाळात गुरांस. याच्या शेकडो जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक आशियातल्या. काही उंच वृक्ष, तर काही कमरेएवढी झुडपे. विलायतेतल्या बागांची शोभा म्हणून यांचे फार कौतुक झाले.

१८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. ते करणारा लॉर्ड डलहौसी ज्या बोटीने हिंदुस्थानात आला, त्याच बोटीने जोसेफ डाल्टन हुकर हा तिशीतला वनस्पतिशास्त्रज्ञही आला. २७ ऑक्टोबर १८४८ रोजी तो दार्जिलिंगहून पूर्व नेपाळकडे निघाला. सोबतची माणसे त्याने स्वतःच्या प्रवासवर्णनात मोजून लिहिली आहेत. सगळी मिळून छप्पन्न. तंबू, उपकरणे, बिछाना, कपड्यांची पेटी, पुस्तके व कागद यांना एकेक हमाल. वनस्पती सुकवण्याचे कागद व इतर शास्त्रीय सामान वाहायला सात. तांदूळ, तूप, तेल, मिरच्या, मीठ व पीठ वाहायला चौदा भोटिया. झाडांवर चढायला आणि वनस्पतींचे ओले कागद बदलायला तीन लेपचा पोरे. त्या यादीत आकडे आहेत, नावे नाहीत.

याच जंगलांत मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर वाढणारे एक झुडूप आहे. त्याची पांढरी, सुवासिक, घंटेसारखी फुले साडेचार इंच लांब असतात. हुकरने त्याला डलहौसीच्या पत्नीचे नाव दिले. दुसऱ्या एका जातीला त्याने ब्रायन हॉजसनचे नाव दिले, तिसरीला ह्यू फॉकनरचे, चौथीला थॉमस थॉमसन या मित्राचे. हॉजसनच्या नावाच्या झाडाच्या लाकडाचे भोटिया लोक पेले, पळ्या आणि याकची खोगिरे करीत. त्याच्या पानांत लोणी बांधून भेट देत. हे हुकरनेच लिहून ठेवले आहे. म्हणजे झाडाचा उपयोग ज्यांना ठाऊक होता ते एक, आणि त्याच्या नावाने अमर झाले ते दुसरेच!

हुकरला मी चोर ठरवीत नाही. नडग्या सोलवटून घेत त्याने स्वतः कष्ट केले, आणि त्याने लिहिले म्हणूनच ही छप्पन्न माणसे आपणांस दिसतात. मीपो या लेपचा वाटाड्याचे नावही त्याने आदराने घेतले आहे. पण १८४९ ते १८५१ या काळात फिचच्या चित्रांनी सजून निघालेल्या त्याच्या ग्रंथात मीपोच्या नावाचे एकही ऱ्होडोडेंड्रॉन नाही.

या फुलांमागे सत्ताही होती. नोव्हेंबर १८४९ मध्ये सिक्कीमच्या दिवाणाच्या माणसांनी हुकर आणि दार्जिलिंगचा अधिकारी कॅम्पबेल यांना पकडले, डिसेंबरअखेर सोडले. त्याबद्दल कंपनी सरकारने राजाला दार्जिलिंगपोटी मिळणारी सालाची रक्कम बंद केली आणि १८५० साली त्याची तराई खालसा केली. साताऱ्याचे निमित्त वेगळे, रीत तीच.

हुकरने पाठवलेल्या बियांची रोपे विलायतेत वाढली. कॉर्नवॉलमधील हेलिगनच्या बागेत त्यांतली काही झाडे आहेत. पहिल्या महायुद्धानंतर ती बाग ओस पडली. १९९० नंतर तिची साफसफाई झाली, तेव्हा माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या सह्या सापडल्या. खाली ऑगस्ट १९१४ अशी तारीख. महायुद्ध सुरू झाले तो हा महिना. त्यांतले कित्येक पुढे रणावर पडले. बागेच्या मालकाचे नाव कागदोपत्री होते. माळ्यांनी आपला हजेरीपट आपणच शौचकूपात लिहिला.

नावाने काय होते, असे कोणी विचारील. ठेकेदाराकडे अकरा वर्षे राबलेल्या एका गड्याचा हात यंत्रात सापडला. भरपाई मागायला मी त्याच्याबरोबर गेलो, तर मस्टरवर त्याचे नावच नव्हते. मालक म्हणाला, हा येथे कधी नव्हताच. तुटलेला हात समोर होता आणि माणूस कागदावर नव्हता! इतिहासातही असेच घडते. नाव नसलेल्याचा दावा उभा राहत नाही.

म्हणून विनंती एवढीच, की आपल्या गावच्या धरणाचा, देवळाचा किंवा बागेचा इतिहास कोणी लिहील, त्याने दात्यांच्या यादीशेजारी गवंडी, माळी आणि हमाल यांची नावेही लिहावीत. ती सांगणारे कोणी जिवंत आहे, तोवर लिहावीत.