जंतुनाशापासून सूक्ष्मजीव-विवेकाकडे : पिंपरी ते शेंद्रा

शास्त्राचा इतिहास जसा त्याच्या प्रयोगशाळांत आढळतो, तसाच तो त्याच्या परिभाषेतही आढळतो. 'प्रतिजैविक' या शब्दाची घडण पाहावी. 'जैविक' म्हणजे जीवासंबंधीचे आणि 'प्रति' हा विरोधाचा उपसर्ग. मात्र हा विरोध कोणत्या जीवाला, हे शब्द सांगत नाही. ही मोघमता शब्दापुरती राहिली नाही. रोगकारक जंतू आणि शरीरात नांदणारे निरुपद्रवी सूक्ष्मजीव यांत पुष्कळशी प्रतिजैविके भेद करीत नाहीत. औषध-प्रतिरोधाच्या प्रश्नाचे एक मूळ येथे आहे, हे महाराष्ट्रातील सत्तर वर्षांच्या इतिहासावरूनही दिसून येते.

या इतिहासाचा प्रारंभ पिंपरी येथे झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि पुढील वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. प्रतिरोध त्या वेळी अज्ञात नव्हता. पेनिसिलिनचे विघटन करणारे विकर काही जंतूंत असते, हे अब्राहम व चेन यांनी १९४० सालीच दाखविले होते. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानात दिला होता. या दृष्टीने १९६१ हे साल लक्षणीय होय. त्या वर्षी पिंपरीत तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक जाहीर केले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' या नावात गावाची खूण राहिली आहे. त्याच वर्षी इंग्लंडात मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंची नोंद झाली. ते औषध वापरात येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

पुढील अर्धशतकात नवे औषध आणि नवा प्रतिरोध यांची ही जोडी सुटली नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी कार्बापेनेम औषधांना दाद न देणारे २४ जंतुनमुने तपासले, तेव्हा त्यांपैकी २२ नमुन्यांत एनडीएम-१ हे प्रतिरोधी विकर आढळले. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू प्रत्यक्ष प्रतिरोधामुळे ओढवले, असा अंदाज आहे.

या पार्श्वभूमीवर छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, कार्य ध्यानात घ्यावयास हवे. वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र या शहरालगत चिकलठाण्यास आणि तिचा एक कारखाना शेंद्रा औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. या कंपनीने विकसित केलेल्या लेव्होनॅडिफ्लोक्सॅसिनला २०२० साली भारतात मान्यता मिळाली. नॅफिथ्रोमायसिनचे अनावरण नोव्हेंबर २०२४ मध्ये झाले. न्यूमोनियावरील हे औषध दिवसातून एकदा, असे तीनच दिवस घ्यावयाचे असते. अ‍ॅझिथ्रोमायसिनला निर्ढावलेल्या जंतूंविरुद्धही ते उपयोगी पडते. परंतु अ‍ॅझिथ्रोमायसिनची धार ज्या अतिवापराने बोथट झाली, तो चालूच राहिला तर या नव्या औषधाची गत निराळी होण्याचे कारण नाही.

म्हणूनच संशोधकांची दृष्टी अन्य मार्गांकडे वळली. अब्जांश मीटरच्या मापाने मोजावयाचे चांदीचे कण जंतूच्या आवरणावर, प्रथिनांवर व श्वसनक्रियेवर एकाच वेळी आघात करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २००१ साली बुरशीच्या साहाय्याने असे कण घडविले. आघारकर संशोधन संस्थेतील पाकणीकर व सहकाऱ्यांनी २००९ साली त्यांचा त्वचेवर लावावयाचा लेप सिद्ध केल्याचे प्रसिद्ध केले. तथापि चांदीही अजिंक्य नाही. बॉस्टन येथे भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात चांदीच्या क्षाराचा उपचार चालू असताना त्याला दाद न देणारे साल्मोनेला जंतू आढळले, अशी नोंद १९७५ साली झाली होती.

दुसरा मार्ग आतड्यातील सूक्ष्मजीवसृष्टीचा होय. प्रतिजैविकांनी ही सृष्टी उजाड झाली की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू मोकळ्या जागेत माजतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील सूक्ष्मजीव अशा १६ रुग्णांच्या आतड्यात सोडले. त्यांपैकी १५ बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन दिलेल्या १३ जणांत ही संख्या ४ होती. येथे रोग हटला तो जंतूला अधिक कठोरपणे मारल्याने नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्यांची वस्ती पुन्हा बसविल्याने.

हा विचार शरीरापुरता थांबत नाही. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे अनेक औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लोक्सॅसिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत गेल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात प्रतिरोधी जंतूंची निपज होण्यास अनुकूल स्थिती लाभते. तेव्हा ज्या वसाहतीत औषध बनते, तिने औषधाच्या शुद्धतेइतकीच सांडपाण्याच्या शुद्धतेचीही चिंता वाहिली पाहिजे.

पिंपरीच्या पिढीपुढे प्रश्न औषध मिळविण्याचा होता. शेंद्र्याच्या पिढीपुढे तो मिळालेले औषध राखण्याचा आहे. चांदीचे कण काय, आतड्यातील जीव काय, ही साधने आहेत. 'कोणत्या जीवाविरुद्ध?' हा शब्दाने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न प्रत्येक उपचारापूर्वी विचारला गेला, तरच ती टिकतील.