१०१ सेकंदांत जंबो जेट समुद्रात: वांद्र्याजवळच्या १९७८ च्या अपघातात नेमकं काय चुकलं?

१ जानेवारी १९७८. रात्री साडेआठनंतर मुंबईच्या सांताक्रुझ विमानतळावरून 'एम्परर अशोक' दुबईकडे निघालं. एअर इंडियाचं हे पहिलं जंबो जेट, बोईंग ७४७. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत ते वांद्र्याजवळ अरबी समुद्रात कोसळलं. विमानातल्या २१३ जणांपैकी कुणीही वाचलं नाही.

इंजिनं ठीक होती. घातपाताचा संशय आला, पण तो टिकला नाही. मग झालं काय?

किनारा ओलांडल्यावर विमान उजवीकडे हलकंसं वळून पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं 'कृत्रिम क्षितिज' (विमान किती कललंय हे दाखवणारं यंत्र) अजूनही उजवा कलच दाखवत होतं. कॅप्टननं तो सुधारायला विमान डावीकडे झुकवलं आणि झुकवतच नेलं. शेवटी कल ९० अंशांच्याही पुढे गेला.

अनुभवी माणसाला हे जाणवलं कसं नाही? गारगोटीहून कोल्हापूरला जाताना एसटीत डोळे मिटून बसा. खड्डा कळतो, ब्रेक कळतो. संथ, लांबलचक वळण मात्र कळत नाही. आपल्या आतल्या कानातल्या नळ्यांमधला द्रव हालचाल बदलली की ती टिपतो. वळण अगदी हळू असेल किंवा एकसारखं चालू राहिलं, तर मेंदूला सगळं सरळच वाटतं. एसटीत निदान खिडकी तरी असते. त्या रात्री समोर काळा समुद्र आणि काळं आकाश होतं, क्षितिज दिसतच नव्हतं. याला दिशाभ्रम म्हणतात आणि तो अनुभवी वैमानिकालाही होतो.

खरी चुटपूट पुढे आहे. कॉकपिटमध्ये तिसरं, राखीव यंत्र होतं. फ्लाइट इंजिनिअरनं कॅप्टनला त्यांच्या यंत्रावर विसंबू नका, असं सांगितल्याचं ध्वनिमुद्रणात आहे. पण तोवर हातात काही सेकंदच उरले होते.

नऊच महिने आधी, मार्च १९७७ मध्ये, टेनेरिफला दोन जंबो धावपट्टीवर धडकून ५८३ जण दगावले होते. तिथेही इंजिनिअरनं शंका काढली होती. १९७९ मध्ये नासानं या विषयावर कार्यशाळा घेतली आणि त्यातूनच 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' प्रशिक्षण आलं: कनिष्ठानं स्पष्ट बोलायचं, कॅप्टननं ऐकायचं, यंत्रं एकमेकांशी ताडून पाहायची. आज भारतातल्या एअरलाइन वैमानिकांना ते सक्तीचं आहे.