हीथकिट चाचणी उपकरणे
हीथकिट चाचणी उपकरणे : सुट्या भागांच्या संचापासून ग्राहकाने स्वतः जुळवावयाची इलेक्ट्रॉनीय मापन उपकरणे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथील हीथ कंपनीने ती प्रचारात आणली. ही कंपनी मुळात लहान विमानांचे संच विकीत असे. संस्थापक एडवर्ड हीथ यांचे 1931 मध्ये विमान अपघातात निधन झाले. 1935 मध्ये हॉवर्ड अँथनी यांनी कंपनी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिल्लक साहित्यातील इलेक्ट्रॉनीय भाग वापरून तिने 1947 मध्ये ऋण किरण दोलनदर्शकाचा संच 39.50 डॉलरना विक्रीस आणला. जोडणीचे श्रम ग्राहकच करीत असल्याने किंमत हौशी दुरुस्तीकारांच्या आवाक्यात राहिली. श्राव्य ध्वनीची कंप्रता सु. 20 ते 20,000 हर्ट्‌झ एवढीच असल्यामुळे ध्वनिविवर्धकातील ठळक दोष शोधण्यास असा साधा दोलनदर्शकही पुरत असे. पुढे नलिका व्होल्टमापक व संकेतजनक यांचेही संच निघाले. त्यांची अचूकता मात्र जोडणीतील काळजी व अंशांकन यांवर अवलंबून राही. संकलित मंडलांमुळे तयार उपकरणे स्वस्त झाल्यावर संचांतील बचत उरली नाही व 1992 मध्ये कंपनीने त्यांचे उत्पादन थांबविले. उपकरणाची अंतर्रचना जाणून ते स्वतः दुरुस्त करण्याची, जोडणीतून मिळणारी क्षमता तयार उपकरणाच्या खरेदीतून मिळत नाही.