स्मृतीचें बिऱ्हाड

स्मृति मेंदूंत नेमकी कोठें राहते, या प्रश्नाच्या मागें कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचें आयुष्य गेलें. उंदरांस चक्रव्यूहाची वाट शिकवावी, मग मेंदूच्या पृष्ठभागाचा कांहीं अंश कापून काढावा आणि वाट आठवते कीं नाहीं तें पाहावें, हा त्यांचा क्रम. कोणताहि एक अंश कापला, तरी वाट समूळ पुसली जाईना! स्मृतीस निश्चित जागा सांपडत नाहीं, अशी कबुली त्यांनीं १९५० मध्यें दिली.

नवल असें कीं, त्यांचे शिष्य डोनल्ड हेब यांच्याच एका शिष्येनें हें कोडें निराळ्या बाजूनें सोडविलें. ब्रेंडा मिल्नर यांचा जन्म १९१८ मध्यें मँचेस्टरचा, शिक्षण केंब्रिजचें आणि १९४४ पासून वास्तव्य कॅनडांतील मॉंट्रिऑल शहरीं. १९५५ मध्यें त्या अमेरिकेंत हार्टफर्ड येथें एका रुग्णास तपासावयास गेल्या. दुर्धर अपस्मारावर उपाय म्हणून दोन वर्षांपूर्वीं शल्यवैद्य स्कोव्हिल यांनीं त्याच्या दोन्ही कानशिलांच्या आंतील मेंदूचा भाग काढला होता. झटके कमी झाले, बुद्धि शाबूत राहिली, बालपणहि आठवत होतें. पण नवें कांहींच टिकेना. तारीख विचारतां त्यानें १९५३ चा मार्च महिना सांगितला. ५८४ हा आंकडा त्यानें मनाशीं बेरजा-वजाबाक्या करीत पंधरा मिनिटें धरून ठेवला. लक्ष ढळतांच आंकडा गेला, आणि तो ध्यानांत ठेवावयाचा होता हेंहि गेलें.

पुढील प्रयोग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. मिल्नरबाईंनीं त्यास, स्वतःचा हात केवळ आरशांत पाहून, चांदणीच्या दुहेरी रेषेमधून पेन्सिल फिरवावयास सांगितलें. (ज्यानें हें करून पाहिलें त्यासच त्यांतली फजिती ठाऊक.) तीन दिवसांत त्याच्या चुका उत्तरोत्तर घटल्या, परंतु तिसऱ्या दिवशींहि, हें काम आपण पूर्वीं केलें आहे याची त्याला दाद नव्हती. हात शिकला होता, धन्यास पत्ता नव्हता! लॅशली एकच घर शोधीत होते. येथें तर बिऱ्हाडेंच निरनिराळीं निघालीं.

या ज्ञानाची किंमत शोधकांनीं भरली नाहीं, एवढें मात्र विसरतां कामा नये. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध १९५७ मध्यें निघाला. तो रुग्ण पुढें कित्येक दशकें हंसतमुखानें परीक्षा देत राहिला. मिल्नरबाई त्यास दर भेटींत नव्याच असत. निबंधांतून तो केवळ 'एच. एम.' होता. २००८ मध्यें तो वारल्यावरच हेन्री मोलेसन हें नांव जगास कळलें.