यमुनेचा दुसरा विवाह आणि एक विसरलेली पत्नी

काही वर्षांपूर्वी सोलापुरात एका छोट्या वाचक मंडळासमोर मी ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीवर बोललो होतो. मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नव्हे. नोकरी सांभाळून जुनी पुस्तके वाचत गेलो, एवढीच माझी पात्रता. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी विचारले, “यमुनेचं दुसरं लग्न झालं, चांगलं झालं. पण लेखकाच्या बायकोचं पुढं काय झालं हो?” मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली प्रसिद्ध झाली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव आपण शाळेत पाठ करतो, वाचतो मात्र क्वचित. ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे तिचे उपशीर्षक. यमुना आणि तिचा पती विनायकराव यांचा एकमेकांवर जीव आहे. दोघांचाही ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे. प्रवासात त्यांना ठिकठिकाणी विधवा भेटतात आणि प्रत्येकीची कहाणी निराळी असते. पुढे विनायकराव अपघाताने दगावतो आणि जिने इतरांची दुःखे ऐकली, तिच्यावरच ती वेळ येते. शेवटी यमुना ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी विवाह करते. भंगलेला संसार, नवी श्रद्धा आणि नवे प्रेम असा हा प्रवास आहे. पुढे इंग्रजीत ज्या प्रकारच्या ख्रिस्ती प्रेमकथा मुबलक लिहिल्या गेल्या, त्यांचा सांगाडा मराठीत इतक्या आधी उभा राहिला होता.

आता साल पाहा. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा जुलै 1856 मध्ये झाला आणि कादंबरी त्याच्या पाठोपाठ आली. मग यमुनेला हिंदू राहून लग्न का करता येऊ नये? कारण कायदा कागदावर होता आणि पंगत गावात होती. शिवाय त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला होता. मुंबई इलाख्यात विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने गाजलेला विधवाविवाह झाला तो 1869 साली, आणि त्यात भाग घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला 1893 साली, तोही काही सुखाने पचला नाही. तेव्हा 1857 मध्ये यमुनेसाठी धर्मांतराची वाट दाखवताना पदमनजी प्रचार करत होते हे खरे, पण परिस्थितीही खोटी सांगत नव्हते.

ती परिस्थिती आमच्या जिल्ह्यातही होती. 1875 साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ते तेव्हा तेथे न्यायखात्यात होते, आणि पुढे मुंबईच्या प्रार्थना समाजाने ती संस्था सांभाळली. फुले दांपत्याने पुण्यात असे गृह 1863 मध्येच काढले होते. तीर्थाच्या गावी अशा घराची गरज पडावी, यावरून विधवांची कोंडी किती होती ते कळते. त्यांना पुन्हा प्रेम करण्याची मुभा नव्हती; झालेले मूल लपवण्याची सोय तेवढी करावी लागली.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. पदमनजी मूळचे बेळगावचे. 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी त्यांच्यामागे ख्रिस्ती होऊन नांदायला आली नाही. पुढे त्यांनी एका ख्रिस्ती स्त्रीशी विवाह केला. म्हणजे मोडलेल्या संसारानंतर नवे प्रेम ही गोष्ट त्यांना अनोळखी नव्हती. पण त्यांच्या कादंबरीतली नायिका नवऱ्याच्या मृत्यूने एकटी पडते. नवरा जिवंत असून धर्माने दूर गेला, अशी स्त्री त्या कथेची नायिका होत नाही. ती विधवा नव्हे, सवाशीणही धड नव्हे.

सरकारने मात्र तिची नोंद घेतली. 1866 मध्ये ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयांच्या विवाहविच्छेदाचा कायदा आला. जोडीदार धर्मांतरामुळे सहा महिने सोडून राहिला, तर धर्मांतरिताला कोर्टात जाता येई. कोर्ट विचार करायला एक वर्षाची मुदत देई आणि तरीही नकार राहिला तर विवाह मोडे. त्यानंतर दोघेही पुन्हा लग्नाला मोकळे! पुरुषाला त्या मोकळीकीचा उपयोग होता. माहेरी बसलेल्या वरच्या जातीतल्या बाईने ती मोकळीक घेऊन जायचे कुठे?

या प्रश्नाला मराठीत उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांत राहिल्या. कायद्याची वाट टिळकांना खुली होती. त्यांनी ती धरली नाही. सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या नगरला त्यांच्याकडे आल्या, तरी आपले सोवळे आणि खाणेपिणे वेगळे ठेवून होत्या. सोवळ्याची ती भिंत हळूहळू आतून विरली आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 मध्ये गेले. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा सोडून दिलेल्या पत्नीच्या तोंडून ही गोष्ट मराठीने प्रथमच एवढ्या मोकळेपणाने ऐकली. त्यात रडणे आहे, राग आहे आणि स्वतःवर हसणेही आहे. यमुनेला दुसरा नवरा मिळाला. लक्ष्मीबाईंना तोच नवरा दुसऱ्यांदा मिळाला, आणि तोही त्यांनी आपल्या अटींवर, आपल्या वेळेने स्वीकारला.

पहिल्या कादंबरीचा मान ‘यमुनापर्यटन’ला द्यायलाच हवा. विधवेलाही मन असते हे तिने तेव्हा छापून सांगितले. पण तिच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ ठेवल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही. श्रद्धेने काही संसार जोडले, काही मोडले. जोडल्याची कथा लेखक लिहितो. मोडल्याची लिहायला तिथे उरलेल्या माणसाच्या हातात लेखणी असावी लागते. लक्ष्मीबाईंच्या हाती ती होती. पदमनजींच्या पहिल्या पत्नीने आपली बाजू लिहिली असती, तर मागच्या रांगेतल्या त्या बाईंना मला विचारावे लागले नसते.