पदवीची सहा सत्रे एका कागदावर : ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांसाठी

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. तेवढ्या काळात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी १. मुख्य विषय अर्थशास्त्रच होता. पण भारतातील जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. म्हणजे मुख्य विषयाबाहेर घेतलेले अभ्यासक्रमही मोठ्या कामाला आले.

ही आठवण काढण्याचे कारण आजच्या पदवीशी जोडलेले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली. स्वायत्त महाविद्यालयांत ती वर्षभर आधी आली. आता मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असे बरेच काही आहे. यातले अनेक पर्याय विद्यार्थ्याने निवडायचे असतात. आपल्या वस्त्यांतून कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या पिढीला ही निवड कोणी समजावून सांगत नाही. मग मित्राने घेतला म्हणून, किंवा ज्यात जागा उरली म्हणून विषय घेतला जातो. म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

क्रेडिट म्हणजे काय?

वर्गातील साधारण १५ तासांच्या शिकवणीला एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला ३० तासांचे एक क्रेडिट. एका सत्रात २२, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १७६ क्रेडिट, असा हिशेब आहे. मिळवलेली क्रेडिट 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. त्यासाठीचा आयडी पहिल्याच महिन्यात काढा आणि त्यावरचे नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते का ते तपासा.

सत्रनिहाय आराखडा

राज्य शासनाच्या आराखड्यानुसार साधारण मांडणी अशी आहे. शाखेनुसार थोडा फरक पडू शकतो.

सत्र १ : मुख्य विषय ६, खुले ऐच्छिक ४, व्यावसायिक कौशल्य २, कौशल्यवृद्धी २, भाषा २, मूल्यशिक्षण २, भारतीय ज्ञानप्रणाली २, सहअभ्यासक्रम २.

सत्र २ : मुख्य ६, दुय्यम २, खुले ऐच्छिक ४, दोन्ही कौशल्ये मिळून ४, भाषा २, मूल्यशिक्षण २, सहअभ्यासक्रम २.

सत्र ३ : मुख्य ८, दुय्यम ४, खुले ऐच्छिक २, व्यावसायिक कौशल्य २, भाषा २, क्षेत्रीय प्रकल्प २, सहअभ्यासक्रम २.

सत्र ४ : मुख्य ८, दुय्यम ४, खुले ऐच्छिक २, कौशल्यवृद्धी २, भाषा २, समाजसहभाग प्रकल्प २, सहअभ्यासक्रम २.

सत्र ५ : मुख्य १०, मुख्य विषयातील ऐच्छिक ४, दुय्यम ४, व्यावसायिक कौशल्य २, प्रकल्प २.

सत्र ६ : मुख्य १०, मुख्य विषयातील ऐच्छिक ४, दुय्यम ४, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, ४.

प्रत्येक सत्राची बेरीज २२ येते. हा तक्ता वहीच्या एका पानावर उतरवून घ्या आणि समोर आपल्या विषयांची नावे भरा. रिकामी राहिलेली जागा म्हणजे कॉलेजात जाऊन विचारायचा प्रश्न.

दुय्यम विषय

दुय्यम विषय दुसऱ्या सत्रात फक्त २ क्रेडिटने सुरू होतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पण सहाव्या सत्रापर्यंत तो १८ क्रेडिटचा होतो. निवड करताना शेवटाकडून मागे या. एमपीएससी डोळ्यासमोर असेल तर अर्थशास्त्राबरोबर राज्यशास्त्र किंवा इतिहास उपयोगी. बी.एड. करायचे असेल तर शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला हवा. वाणिज्य शाखेतून वकिलीकडे जायचे असेल तर कायद्याशी जवळचा विषय शोधा.

खुले ऐच्छिक विषय

हे एकूण १२ क्रेडिट आहेत आणि ते आपल्या मुख्य विषयाच्या शाखेबाहेरून घ्यायचे असतात. विज्ञानाच्या मुलीला समाजशास्त्र आणि कलाशाखेच्या मुलाला हिशेब किंवा संगणक शिकण्याची ही अधिकृत संधी आहे. अडचण अशी की विद्यापीठाच्या यादीत विषय भरपूर असले तरी कॉलेज त्यातले मोजकेच चालवते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि विद्यापीठाच्या कलिना संकुलात पाली विभाग आहे. तरीही आपल्या कॉलेजात पालीचा एकही पर्याय नसेल तर इच्छुक विद्यार्थ्यांनी सह्या करून प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी. एकट्याच्या तोंडी विनंतीला 'विद्यार्थी नाहीत' हे उत्तर ठरलेले असते.

प्रकल्प आणि ओजेटी

क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग ही क्रेडिट कार्यकर्त्यांनी वाया घालवू नयेत. वस्तीतील शाळागळती, विहारातील अभ्यासिकेचा वापर, सफाई कामगारांची वेतनचिठ्ठी, असे विषय आपण एरवीही हाताळतो. मार्गदर्शक प्राध्यापकांची संमती आधी घ्या आणि नोंदी तारखेनिशी ठेवा.

ओजेटी साधारण १२० तासांचे असते. ओळख असलेल्यांची मुले कंपनीत लागतात आणि आपली मुले शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्रासाठी धावतात. पाचवे सत्र सुरू होताच वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, सनदी लेखापालांची कार्यालये, ठाणे न्यायालयातील वकील अशा ठिकाणी अर्ज द्या. आधीच नोकरी करत असाल तर तेच काम ओजेटी म्हणून धरता येईल का, हे कॉलेजला लेखी विचारा.

शिष्यवृत्तीचे गणित

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांसाठी राज्याची फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर होतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पुढच्या वर्षात प्रवेश अडला की नूतनीकरणही अडते.

आणखी एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. एक पदवी पूर्ण करून त्याच पातळीची दुसरी पदवी घेतली, उदाहरणार्थ बी.ए.नंतर बी.कॉम., तर दुसऱ्या पदवीला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून शाखा निवडतानाच पुरेसा विचार करा.

बाहेरगावहून आलेल्या आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ठाण्यासारख्या शहरात ती वर्षाला ६० हजार रुपयांची आहे. आणि अर्जात धर्म 'बौद्ध' लिहिला तर सवलत जाईल ही भीती सोडा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रातही मिळालेला आहे.

मध्येच बाहेर पडणे

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी कौशल्य अभ्यासक्रमाची किंवा इंटर्नशिपची ४ जादा क्रेडिट लागतात. ही सोय वाईट नाही. घरात आजारपण आले, वडिलांचे काम सुटले, तर केलेले शिक्षण कागदावर तरी राहते. पण एमपीएससी राज्यसेवा आणि यूपीएससी नागरी सेवा परीक्षेला पदवीच लागते, तिथे हे प्रमाणपत्र चालत नाही. आमची चिंता हीच आहे की पैसेवाल्यांची मुले चौथ्या वर्षाला जातील आणि बाहेर पडण्याचे दार आपल्या मुलांसाठी उघडे ठेवले जाईल. बाहेर पडण्याआधी फ्रीशिप, सकाळची बॅच, मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र किंवा नाशिकचे मुक्त विद्यापीठ हे पर्याय तपासा. तरीही पडावेच लागले तर यूजीसीच्या आराखड्यानुसार तीन वर्षांत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते.

चौथे वर्ष कोणी घ्यावे?

तीन वर्षांची पदवी ही पूर्ण पदवी आहे. संशोधनाकडे जायचे असेल तर चौथ्या वर्षाचा विचार करा. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे, म्हणजे त्याची तयारी पहिल्या सत्रापासूनच लागते. चार वर्षांनंतर एम.ए., एम.एस्सी. एका वर्षात होते.

प्रवेशाआधी कॉलेजला विचारायचे प्रश्न

ठाण्यात जोशी-बेडेकर आणि बांदोडकर, कल्याणात बिर्ला, डोंबिवलीत मॉडेल ही महाविद्यालये स्वायत्त आहेत. त्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा ती स्वतः ठरवतात, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच असते. इतर महाविद्यालयांत अभ्यासक्रम विद्यापीठाचा असतो. कुठेही जा, हे पाच प्रश्न विचारा :

१. गेल्या वर्षी कोणते दुय्यम आणि खुले ऐच्छिक विषय प्रत्यक्ष चालले?
२. विषय सुरू व्हायला किमान किती विद्यार्थी लागतात?
३. दुय्यम विषय बदलायचा झाल्यास केव्हापर्यंत बदलता येतो?
४. किती विषयांत एटीकेटी असली तर पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो आणि ती परीक्षा केव्हा होते?
५. अंतर्गत गुण कशाचे आहेत, आणि त्यात नापास झाल्यास पुन्हा संधी आहे का?

उत्तरे माहितीपुस्तिकेतून किंवा कॉलेजच्या सूचनेतून घ्या. खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर तीन वर्षे सोपवू नका.

शेवटी विहारांच्या कार्यकर्त्यांना विनंती. बारावीच्या निकालानंतरचा एक रविवार या कामासाठी ठेवा. तुमच्याच वस्तीतले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी बोलवा, त्यांचे भरलेले तक्ते भिंतीवर लावा आणि नव्या मुलामुलींना तिथेच बसून आपला तक्ता भरू द्या. पालकांनाही सोबत बोलवा, कारण शिकायचे की कामाला लागायचे हा निर्णय बहुतेक घरांत त्यांच्यासमोरच होतो.

जय भीम.