परीक्षेसाठी लिहिलेलं संगीत : ब्रास बँडच्या स्पर्धा आणि त्यांचे संगीतकार

ब्रास बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात येते. लाल कोट, झालरीची टोपी, पुढे ट्रंपेटवाला आणि मागे ढोल. आज मात्र आपण ज्या बँडबद्दल बोलणार आहोत तो खुर्च्यांवर बसून, समोर स्वरलिपीचे कागद ठेवून वाजवतो. त्याचं घर उत्तर इंग्लंड आणि वेल्समध्ये आहे, कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी जिथे होत्या त्या गावांत. वाजवणारे बहुतेक कामगार. आपला प्रश्न असा आहे, की या कामगारांसाठी मुद्दाम अवघड संगीत कुणी लिहिलं, का लिहिलं, आणि ते किती अवघड असावं हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा होता?

आधी स्पर्धेचं स्वरूप समजून घेऊ. एक सभागृह. पंधरा-वीस बँड. प्रत्येकात साधारण पंचवीस वादक. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. सगळ्यांनी एकच रचना वाजवायची, तिला म्हणतात ‘टेस्ट पीस’. परीक्षक पडद्याआड बंदिस्त खोक्यात बसलेले असतात. बाहेर कोण वाजवतंय हे त्यांना दिसत नाही, त्यांच्या हातात फक्त रचनेची प्रत आणि पेन्सिल. म्हणजे दिवसभरात तीच दहा-पंधरा मिनिटांची रचना वीस वेळा ऐकायची आणि विसांमधला फरक ओळखायचा. आपल्याकडे एकांकिका स्पर्धा गाजतात. कल्पना करा, सगळ्या कॉलेजांनी एकच संहिता करायची आणि परीक्षकांनी डोळे मिटून ती ऐकायची! साधारण तसंच हे.

ही पद्धत कशी सुरू झाली? 1853 च्या सप्टेंबरात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत मोठी स्पर्धा झाली. बागेचे मालक जॉन जेनिसन, आणि कल्पना हल शहरच्या एंडर्बी जॅक्सन यांची. आठ बँड आले. जिंकला तो मॉस्ली गावचा ‘टेंपरन्स सॅक्सहॉर्न बँड’. या नावातच त्या काळाचा इतिहास आहे. टेंपरन्स म्हणजे दारू सोडण्याची चळवळ. कामगारानं संध्याकाळी गुत्त्यात जाण्याऐवजी हातात वाद्य घ्यावं, असं चळवळवाल्यांना वाटे आणि गिरणीमालकांनाही वाटे. आणि सॅक्सहॉर्न हे अडॉल्फ सॅक्स यांनी 1840 च्या दशकात घडवलेलं व्हॉल्व्हचं वाद्य. लहानापासून अगडबंब आकारापर्यंत सगळ्यांची बोटं सारखी चालतात. पुढे बँडच्या स्वरलिपीतही असं ठरत गेलं, की बास ट्रॉम्बोन सोडला तर प्रत्येक स्वरवाद्याचा कागद एकाच पद्धतीनं लिहायचा. कॉर्नेट वाजवणारा पोरगा उद्या ट्युबावर बसला तरी त्याला नव्यानं वाचायला शिकावं लागत नाही. लहान गावात, कमी माणसांत बँड उभा राहिला त्यामागे ही साधी सोय आहे.

आता वाजवायचं काय? 1855 साली बेल व्ह्यूला सर्वांसाठी एकच रचना ठेवली गेली, जेम्स मेलिंग यांची ‘ओरिंथिया’. पण पुढची अनेक दशकं राज्य केलं ऑपेरानं. व्हेर्दी, रॉसिनी, मेयरबेअर यांच्या ऑपेरांतले निवडक भाग बँडसाठी उतरवून घ्यायचे. गायिकेचं गाणं कॉर्नेटला, नायकाचं युफोनियमला, खलनायकाचं ट्रॉम्बोनला. ज्या विणकरानं ऑपेराचं थिएटर कधी पाहिलं नाही, त्याला त्यातल्या सुरावटी तोंडपाठ होत्या, कारण त्या त्यानं स्वतः फुंकल्या होत्या. हे थोडंथोडकं नाही. पण त्यात एक उणीव होती. ते सगळं दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलं, आणि मग बँडच्या मापानं कापून शिवलेलं.

1900 साली जॉन हेन्री आईल्स यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू केलं. तिथे 1913 साली वळण आलं. पर्सी फ्लेचर हे लंडनच्या नाट्यगृहांतले वाद्यवृंद-संचालक. त्यांनी खास ब्रास बँडसाठी ‘लेबर अँड लव्ह’ लिहिलं आणि ते टेस्ट पीस झालं. नावाचा अर्थ ‘श्रम आणि प्रेम’. घडण अजून ऑपेरासारखीच आहे, एकट्या वाद्यानं संवाद बोलल्यासारखे तुकडे, मग गाणं, मग जल्लोष. पण या वेळी कथेतला नायक राजपुत्र नाही, कामगार आहे. जिंकला इरवेल स्प्रिंग्ज, लँकशरमधल्या बेकप गावचा बँड.

एकदा दार उघडल्यावर मोठी नावं आत आली. 1928 साली गुस्ताव होल्स्ट यांनी ‘अ मूरसाइड स्वीट’ लिहिलं. ‘द प्लॅनेट्स’चे संगीतकार म्हणून जग त्यांना ओळखतं. स्वतः ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलेला हा माणूस, त्यामुळे वादकाचा दम किती पुरतो हे त्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी क्वीन्सबरीच्या गिरणीचा ब्लॅक डाइक मिल्स बँड जिंकला. 1930 साली एडवर्ड एल्गार यांचं ‘सेव्हर्न स्वीट’ आलं. बँडसाठी वाद्यविभागणी हेन्री गील यांनी केली. जिंकला फोडेन्स, म्हणजे चेशरमधल्या मोटारलॉरीच्या कारखान्याचा बँड. 1932 साली जॉन आयर्लंड यांचं ‘अ डाउनलँड स्वीट’ आणि 1936 साली आर्थर ब्लिस यांचं ‘केनिलवर्थ’. त्याच 1936 च्या नोव्हेंबरात क्रिस्टल पॅलेस जळून गेला. युद्धानंतर अंतिम फेरी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जाऊन बसली.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. संगीतकार अवघडपणा रचतो कसा? आपल्याला वाटतं, अवघड म्हणजे जलद. पण जलद जागा सरावानं बसतात. तीन महिने रोज संध्याकाळी घोटल्या की बोटं आपोआप पळतात. चांगल्या बँडला घाम फुटतो तो संथ आणि हळू वाजवायच्या जागी. होल्स्ट यांच्या रचनेतला मधला भाग ‘नॉक्टर्न’, रात्रीचं संगीत. स्वर लांब, आवाज कमी. ओठ थकलेले असताना बारीक आवाजात स्वर न थरथरता धरून ठेवणं म्हणजे पितळी वाद्यांची अग्निपरीक्षा. सुरांचा जमाव मोठ्या आवाजात जरा बेसूर झाला तरी खपून जातं. हळू वाजताना एकाची चूक पंचवीस जणांची होते.

दुसरी युक्ती झेपेची. पितळी वाद्यात एकाच बोटस्थितीतून अनेक स्वर निघतात. कोणता निघेल ते ओठांच्या ताणावर ठरतं. हार्मोनियमवर पट्टी दाबली की स्वर हमखास येतो, इथे तो आधी मनात ऐकावा लागतो. म्हणून लांब झेप म्हणजे जोखीम. गिल्बर्ट विंटर यांनी 1964 च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ‘व्हेरिएशन्स ऑन अ नाइन्थ’ लिहिलं, म्हणजे सगळी रचनाच नवव्या स्वराच्या झेपेवर उभी. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्जावरून थेट तार सप्तकातल्या ऋषभावर उडी.

तिसरी युक्ती, कुणालाही लपू न देणं. एल्गार यांच्या रचनेत एक फ्यूग आहे. त्यात एक विषय एका गटानं मांडायचा, मग दुसऱ्यानं तोच उचलायचा, मग तिसऱ्यानं. प्रत्येक गट पाळीपाळीनं उघडा पडतो. बँडमध्ये दहा कॉर्नेट असतात. पहिल्या खुर्चीवर गावातला हिरो बसतो, आणि शेवटच्या खुर्चीवर कदाचित शाळा नुकती सोडलेला मुलगा. साधी रचना हिरोवर निभावून जाते. चांगली टेस्ट पीस शेवटच्या खुर्चीलाही दोन मापांचा असा तुकडा देते, की तो चुकला तर खोक्यातली पेन्सिल हलते. आम्हाला यात या परंपरेचं सगळ्यात सुंदर अंग दिसतं. अवघडपणा सगळ्यांत वाटलेला असतो, आणि त्यामुळे महत्त्वही सगळ्यांत वाटलं जातं.

अर्थात दुसरी बाजू आहेच. आपल्याकडे ‘स्पर्धेची एकांकिका’ हा शब्द जरा नाक मुरडून वापरतात ना, तसंच ‘कॉन्टेस्ट म्युझिक’बद्दल बोललं जातं. प्रत्येक वाद्याला एक एकल तुकडा, मध्ये एक हळवी जागा, शेवटी कानठळ्या. साचा ठरला की परीक्षा उरते, संगीत निघून जातं. त्यात सगळी वाद्यं पितळी, म्हणजे रंग एकाच घराण्याचे. तालवाद्यांनाही दीर्घकाळ स्पर्धेच्या मंचावर जागा नव्हती, ती सत्तरच्या दशकात मिळाली. त्यामुळे वेगळा रंग शोधणाऱ्या संगीतकाराला तोंडाला लावायची मूक, चमत्कारिक स्वरमेळ, मोडते ताल, हेच मार्ग होते. आणि तिथे तो हमखास समित्यांना नडायचा.

याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे विल्फ्रेड हीटन. शेफील्डचा माणूस, साल्व्हेशन आर्मीच्या बँडमध्ये वाढलेला. काही वर्षं पितळी वाद्यं दुरुस्त करण्याचं काम केलेला. म्हणजे या वाद्यांना आतून-बाहेरून ओळखणारा. त्यानं लिहिलं फार थोडं, आणि लिहिलं ते तासून-तासून. 1973 च्या राष्ट्रीय अंतिम फेरीसाठी त्याच्याकडून रचना मागवली गेली. त्यानं तीन भागांची रचना दिली आणि नाव ठेवलं ‘कॉन्टेस्ट म्युझिक’. कथा नाही, निसर्गचित्र नाही, सरळ ‘स्पर्धेचं संगीत’. सुरुवातीच्या एका छोट्या बीजातून सगळं उगवतं. मधला भाग इतका उघडा आणि संथ, की लपायला झुडूपही नाही. ती त्या वर्षी वाजलीच नाही. फार आधुनिक, बँडवाल्यांना आणि श्रोत्यांना झेपणार नाही, अशी धास्ती होती.

नऊ वर्षं गेली. 1982 साली तीच रचना त्याच अंतिम फेरीसाठी टेस्ट पीस म्हणून आली. बँडांनी ती वाजवली. जिंकला वेल्समधल्या ऱ्हाँडा खोऱ्याचा कोरी बँड, कोळशाच्या खाणींच्या गावातला. आज ‘कॉन्टेस्ट म्युझिक’ या परंपरेतल्या अव्वल रचनांत गणली जाते.

आपण या नऊ वर्षांकडे कसं पाहायचं? नऊ वर्षांत वादकांचे ओठ बदलले नाहीत. बदलला तो त्यांच्याबद्दलचा अंदाज. ‘लोकांना झेपणार नाही’ हे वाक्य ऐकायला काळजीचं वाटतं, पण बहुतेक वेळा ते बोलणारा लोकांना विचारत नाही. होल्स्ट आणि हीटन यांनी अवघड लिहिलं ते वादकांना कमी लेखून नव्हे, तर त्यांना पूर्ण संगीतकार मानून. अवघड प्रश्न आपण त्यालाच विचारतो ज्याच्याकडून उत्तराची अपेक्षा असते.

शेवटी आणखी एक तारीख सांगतो. 13 ऑक्टोबर 1992. ब्रिटिश सरकारनं 31 कोळसा खाणी बंद करण्याची घोषणा केली, आणि त्यात यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्पची खाण होती. गावाचा श्वास त्या खाणीवर चालायचा. त्याच आठवड्यात ग्राइमथॉर्प कोलियरी बँड रॉयल अल्बर्ट हॉलच्या मंचावर बसला. टेस्ट पीस होती फिलिप विल्बी यांची ‘द न्यू जेरुसलेम’. खोक्यातल्या परीक्षकांना समोर कोण आहे ते दिसत नव्हतं. कोणत्या गावावर कुऱ्हाड पडली आहे, याचा त्यांच्या पेन्सिलीशी संबंध नव्हता. त्यांनी फक्त स्वर ऐकले, आणि ग्राइमथॉर्प राष्ट्रीय विजेता ठरला.

पुढच्या वर्षी खाण बंद झाली. करंडकानं ती वाचवली नाही, आणि संगीतानं ती वाचवायला हवी होती असंही आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवशी या माणसांना कुणी सहानुभूतीचे गुण दिले नाहीत. सगळ्यांना होता तोच कागद, तोच पडदा, तीच अवघड जागा. ती त्यांनी इतरांपेक्षा चांगली वाजवली, एवढंच. बँड आजही वाजतो आहे, नावात अजून ‘कोलियरी’ म्हणजे कोळशाची खाण आहे.

आता प्रश्न घेऊ. त्याआधी एक विनंती: घरी गेल्यावर ‘अ मूरसाइड स्वीट’मधला ‘नॉक्टर्न’ जरूर ऐका. ऐकताना कॉर्नेटच्या हिरोकडे लक्ष जाईलच, पण एकदा शेवटच्या खुर्चीकडेही कान द्या.